गाडी धावते म्हणून बॅटरी भरते का?

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा सकाळीच फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर तुम्ही ज्ञानमीमांसा शिकवलीत आणि आता ट्रेलरची बॅटरी?" आम्ही म्हटलं, संध्याकाळी या, विषय बदललेला नाही. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हाच प्रश्न आहे. फक्त या वेळी उत्तर चुकलं तेव्हा परीक्षेत गुण गेले नाहीत, रात्री तीन वाजता श्वास अडकला.

आधी प्रसंग सांगतो. आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत, डेन्व्हरला असतात. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, तेव्हा उन्हाळ्यात सहा महिने तिकडे जाऊन राहणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्या वर्षी जावयांनी एक जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं, पिकअप गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची. आत दोन पलंग, ओटा, शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, गॅसवर चालणारा हीटर. हे सगळं मुक्कामाच्या जागी चालावं म्हणून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक १२ व्होल्टची बॅटरी बसवलेली असते. आमची होती ८० अँपिअर-अवरची, साधी शिसे-आम्लाची, म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते त्याच जातीची.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चौघं ग्रेट सँड ड्यून्स या राष्ट्रीय उद्यानाकडे निघालो. कोलोराडोच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत, सर्वांत उंच टेकडी सव्वादोनशे मीटरच्या आसपास. जागा समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंच, त्यामुळे दिवसा ऊन आणि रात्री पारा चार-पाच अंशांवर. तिथल्या कॅम्पच्या मैदानात विजेची जोडणी नाही. जे काही आहे ते तुमच्या बॅटरीत.

आता आमची अडचण. आम्हाला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडकतो. त्यासाठी सीपॅप नावाचं यंत्र रात्रभर नाकावर लावून झोपावं लागतं. ते विजेवर चालतं. निघण्याआधी आम्ही विचारलं, ट्रेलर आठ आठवडे नुसता उभा होता, बॅटरी भरलेली आहे ना? जावयांनी मीटर लावला. १२.२ व्होल्ट. शिसे-आम्लाच्या बॅटरीत हा आकडा साधारण निम्मा साठा दाखवतो. पूर्ण भरलेली असेल तर स्वस्थ अवस्थेत १२.६ ते १२.७ दिसतात. उभ्या ट्रेलरमध्येही गॅसगळती ओळखणारं उपकरण रात्रंदिवस चालू असतं, ते थेंबथेंब पीत राहतं. पण जावई म्हणाले, "बाबा, चार तास गाडी चालणार आहे. ट्रेलर गाडीला जोडला की गाडीच त्याची बॅटरी चार्ज करते. पोहोचेपर्यंत फुल्ल." ट्रेलर विकणाऱ्यानंही त्यांना हेच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पिकअपच्या मागे सात टोकांचा एक गोल प्लग असतो. डावा दिवा, उजवा दिवा, मागचे दिवे, रिव्हर्सचा दिवा, ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक, एक परतीची तार, आणि सातवं टोक बॅटरी भरण्याचं. तार खरोखरच होती. आम्ही ती डोळ्यांनी पाहिली.

फ्रिजही चालू ठेवला होता, कारण मुलीनं घरी चक्का बांधून श्रीखंड केलं होतं. त्या फ्रिजला तीन पर्याय असतात: घरची वीज, गॅस किंवा १२ व्होल्ट. वाटेत तो १२ व्होल्टवर टाकला. श्रीखंडाचा उल्लेख उगीच करत नाही, या कथेतला तो एक आरोपी आहे.

रात्री तीनच्या सुमाराला यंत्र बंद पडलं. आम्हाला कळलं नाही, आम्ही झोपेत होतो. सौभाग्यवतींना कळलं, कारण आमचं घोरणं परत सुरू झालं आणि मग मध्येच थांबलं. त्यांनी आम्हाला गदागदा हलवलं. उठलो तर डोकं जड, घसा कोरडा, आणि खोली बर्फासारखी. हीटर गॅसवर चालतो खरा, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर असतो. आधी इन्व्हर्टरनं कमी व्होल्टेज ओळखून यंत्र तोडलं, मग थोड्या वेळानं पंख्यानं मान टाकली. उरलेली रात्र आम्ही दोघांनी पिकअपमध्ये शाली गुंडाळून बसून काढली. बाहेर आकाशात इतक्या चांदण्या होत्या की, असो.

मित्रहो, न्यायशास्त्र शिकवताना आम्ही दरवर्षी एक जुनंच उदाहरण फळ्यावर लिहायचो. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलटं म्हणा, जिथे अग्नी तिथे धूर, तर ते फसतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येण्यासाठी अग्नीबरोबर ओल्या लाकडाचा संयोग लागतो. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. आपण अनेकदा ओलं लाकूडच पाहिलेलं असतं, म्हणून अट दिसत नाही आणि नियम सरसकट वाटतो. "गाडी चालू, तार जोडलेली, म्हणून बॅटरी भरते" हे अनुमान नेमकं तसंच आहे. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीबाबत ते नेहमी खरं ठरतं. ट्रेलरच्या बॅटरीबाबत त्यात एक उपाधी दडलेली आहे. ती कुठली ते आता बघू.

बॅटरीत वीज केव्हा शिरते? बाहेरचा दाब बॅटरीच्या आतल्या दाबापेक्षा जास्त असेल तेव्हाच. दाब म्हणजे व्होल्टेज. गाडीचं इंजिन फिरलं की अल्टरनेटर फिरतो आणि साधारण १४ व्होल्ट देतो. आमच्या पिकअपवर १४.१ मिळत होते. गाडीची स्वतःची बॅटरी त्याच्या शेजारीच, हातभर जाड तारेवर, तिला १४.१ जवळजवळ पूर्ण मिळतात. ट्रेलरची बॅटरी मात्र लांब. इंजिनपासून गाडीच्या बुडाखालून मागे, मग प्लग, मग ट्रेलरचा दांडा. आमच्याकडे हे अंतर १२ मीटरच्या आसपास भरलं, आणि वीज जाते तितकीच परत यावी लागते, म्हणजे २४ मीटर. ही तार बारा गेजची, बारीक. तिचा रोध मीटरला सव्वापाच मिलिओहम, २४ मीटरचा साधारण ०.१२५ ओहम. प्लगमधल्या जुन्या, काळवंडलेल्या टोकांचा थोडा धरा. एकूण ०.१४ ओहम.

तुम्ही म्हणाल, ०.१४ म्हणजे काहीच नाही. आम्हीही हेच म्हणालो. पण गेऑर्ग ओहमनं १८२७ मध्ये जो नियम मांडला, तो या नगण्य आकड्यालाच प्रवाहानं गुणतो. १० अँपिअर वाहिले की १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १४.१ मधून १.४ गेले, उरले १२.७. आणि भरण्यासाठी लागणारा सगळा वरचा दाब, म्हणजे बॅटरीचे सुमारे १२ आणि अल्टरनेटरचे १४ यांतला फरक, हा मुळात दोनच व्होल्टचा आहे. घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये दीड व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे दीड व्होल्ट गेला म्हणजे मिळकतीचा तीनचतुर्थांश गेला. बारा व्होल्टची दुनिया ही अशी हातावर पोट असलेली आहे.

आता फ्रिज. त्याचं १२ व्होल्टवरचं कॉईल सुमारे १५० वॅटचं, म्हणजे १२ अँपिअर एकटा फ्रिज ओढतो. आपल्याकडे कालव्याच्या शेवटच्या चारीवर काय होतं हे सोलापूर-नगरकडच्या मंडळींना सांगायला नको. धरणात पाणी आहे, कालव्याला सोडलंय, पण शेवटापर्यंत येता येता निम्मं झिरपतं, आणि जे येतं ते चारीवरच्या उसाला जातं. ज्वारीवाल्याच्या रानात ओल सुद्धा येत नाही. कागदावर मात्र तो लाभक्षेत्रात असतो. आमचा फ्रिज हा ऊस, बॅटरी ही ज्वारी. हिशोब केला तर तारेतून साधारण १३ अँपिअर येत होते, त्यातले १२ फ्रिजला आणि बॅटरीला एक-सव्वा. चार तासांत पाच अँपिअर-अवर. ८० च्या बॅटरीत! म्हणजे आम्ही निम्म्या बॅटरीनं निघालो आणि जवळजवळ निम्म्या बॅटरीनंच पोहोचलो. श्रीखंड तेवढं उत्तम राहिलं.

रात्रीचा खर्च मांडा. यंत्र इन्व्हर्टरमार्फत तीन अँपिअर, हीटरचा पंखा चालू असेल तेव्हा साडेतीन-चार, आणि तो थंड रात्री निम्मा वेळ चालूच असतो. दिवे, पंप किरकोळ. संध्याकाळी सातपासून पहाटे तीनपर्यंत तीसेक अँपिअर-अवर आरामात जातात. कागदावर अजून दहा उरायला हवे होते, पण बॅटरी जुनी होती आणि जुन्या बॅटरीवर ८० लिहिलेलं असलं तरी आत ८० नसतात. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली नेऊच नये असं सांगतात. वारंवार तसं केलं की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. तेव्हा आम्ही निघालो तेव्हाच खरं तर रिकामे होतो.

सकाळी जावयांनी जे केलं ते आम्हाला फार आवडलं. ते सॉफ्टवेअरमधले असले तरी त्यांच्या हत्यारांच्या पेटीत क्लॅम्प मीटर असतो. तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा, तार न तोडता प्रवाह कळतो. हे मीटर घेताना एक बघा, ते डीसी प्रवाह मोजणारं हवं. स्वस्तातली पुष्कळशी फक्त एसी मोजतात. तर गाडी सुरू केली, प्लग जोडला, फ्रिज चालू ठेवला. ट्रेलरच्या बॅटरीवर १२.१ व्होल्ट आणि बॅटरीत शिरणारा प्रवाह अडीच अँपिअर. फ्रिज बंद केला. १२.८ व्होल्ट, साडेनऊ अँपिअर. मग त्यांनी प्लग काढला, ट्रेलर सोडवला, पिकअप वळवून तोंड ट्रेलरच्या दांड्याशी आणून उभी केली आणि जाडजूड जंपर केबल लावल्या, बंद पडलेली गाडी सुरू करायला वापरतात त्या. १३.७ व्होल्ट, १९ अँपिअर. दुप्पट.

अल्टरनेटर तोच, बॅटरी तीच, हवा तीच. बदलली फक्त तार. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची पद्धती म्हणून जी सांगितली आहे ती हीच: दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी असेल आणि परिणाम वेगळा आला, तर त्या गोष्टीचा परिणामाशी कार्यकारण संबंध आहे. आम्ही ती पद्धती वर्षानुवर्षं पुस्तकातून शिकवली, आणि तिचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला वयाच्या बहात्तराव्या वर्षी, शाल पांघरून, वाळूत उभं राहून मिळालं. उपाधी सापडली होती. नुसती जोड पुरत नाही. हव्या तेवढ्या प्रवाहाला पुरेसा दाब शिल्लक ठेवणारी जोड हवी.

इथे थोडं थांबून एक गंभीर गोष्ट सांगतो, कारण ती आम्हाला त्या सकाळपर्यंत माहीतच नव्हती. आम्ही समजत होतो बॅटरी म्हणजे दिवे, पंखा, आमचं यंत्र. फार तर गैरसोय होईल. जावई मात्र घाईनं घरी निघायला तयार होईनात. त्यांनी दांड्यावरची एक छोटी डबी दाखवली, तिच्यातून एक बारीक पोलादी दोरी निघून पिकअपला अडकवलेली असते. तिला ब्रेकअवे स्विच म्हणतात. चालत्या गाडीमागून ट्रेलर सुटला, तर ही दोरी ओढली जाते, डबीतली खुंटी निघते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. हे ब्रेक विजेवर चालतात. वीज कुठली? ट्रेलर सुटलाय म्हणजे प्लगही तुटलाय, तेव्हा ती ट्रेलरच्या बॅटरीचीच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठराविक वजनावरच्या ट्रेलरला ही व्यवस्था सक्तीची आहे, आणि व्यापारी वाहनांच्या केंद्रीय नियमांत तर असे ब्रेक किमान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं लिहिलेलं आहे. बॅटरी मेलेली असेल तर उतारावर सुटलेला दीड-दोन टनांचा ट्रेलर थांबवायला काहीही नाही. त्यामुळे दुपारपर्यंत जंपर लावून बॅटरीत जीव आणल्याशिवाय आम्ही हललो नाही. तुमची मुलं ट्रेलर ओढत असतील तर बाकी काही विसरलात तरी चालेल, ही डबी दाखवायला सांगा.

आता उपाय. पहिला सरळ, तार जाड घाला. चार गेजची घातली तर त्याच २४ मीटरचा रोध ०.०२ ओहमवर येतो. गाडीच्या बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत वेगळी तार, तिथे मोठा, दोन टोकांचा प्लग, पुढे ट्रेलरमध्ये तीच जाडी. ऑस्ट्रेलियात तर ५० अँपिअरचा असा वेगळा करड्या रंगाचा अँडरसन प्लग ओढत्या गाड्यांना सर्रास दिसतो. जे काम सात टोकांच्या प्लगमधल्या एका टोकाला झेपत नाही ते त्याच्यावर सोपवायचं. परतीची तारही तितकीच जाड हवी. काही जण परतीला गाडीचा सांगाडा आणि जोडणीचा गोळा यांच्यावर भरवसा ठेवतात. त्या गोळ्यावर ग्रीस असतं, गंज असतो, धक्के असतात. दिवे लुकलुकायला लागले की समजावं, वीज गोळ्यातून जातेय.

आणि फ्यूज दोन्ही टोकांना. हे बरेच जण विसरतात. साध्या वायरिंगमध्ये वीज एका बाजूनं येते, म्हणून फ्यूज तिथे. इथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठे तार घासून उघडी पडली आणि लोखंडाला टेकली, तर दोन्हीकडून प्रवाह धावेल. पुढचा फ्यूज उडाला तरी मागची बॅटरी तार जाळत राहील. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ एकेक फ्यूज.

पण जाड तार घालूनही आजच्या गाड्यांत प्रश्न सुटेलच असं नाही. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर हुशार झालेत. इंधन वाचवायचं म्हणून गाडीची स्वतःची बॅटरी भरली की संगणक अल्टरनेटरचा दाब उतरवतो, १३ च्या आसपास, कधी त्याहून खाली. ब्रेक मारला की फुकटची ऊर्जा म्हणून पुन्हा चढवतो. गाडीच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं आहे. मागे कुणी उपाशी आहे याची त्याला दखल नसते, निदान सगळ्या गाड्यांत नसते. काहींमध्ये "टो" बटण दाबलं की दाब चढा राहतो. आणि काही पिकअपमध्ये तर कारखान्यातून त्या सातव्या टोकाचा फ्यूज किंवा रिले बसवलेलाच नसतो, तो मालकानं बसवायचा असतो. वर्षानुवर्षं लोक त्या टोकावर विसंबून हिंडतात. तेव्हा पहिलं काम मीटर लावण्याचं.

म्हणून आता बहुतेक जाणकार डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. ही एक पेटी ट्रेलरमध्ये, त्याच्या बॅटरीच्या शेजारी बसते. आत १२-१३ व्होल्ट येवोत, ती बाहेर १४.४ करून देते, आणि प्रवाहावर मर्यादा ठेवते, समजा २० अँपिअर. शिवाय बॅटरी कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहून दाब बदलते. शिसे-आम्लाच्या बॅटरीला हे लागतंच. साधारण ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, नंतरचं मात्र घोट घोट पिते, कितीही घाई करा. इंजिन बंद झालं की पेटीही थांबते, त्यामुळे ट्रेलर रात्री गाडीची बॅटरी पिऊन टाकत नाही. नाही तर सकाळी दोन्ही मेलेल्या, आणि आसपास कुणी नाही.

पण इथेही एक गंमत आहे, आणि जावई पहिल्यांदा तिच्यातच फसले. त्यांना वाटलं, पेटी दाब वाढवतेच आहे तर जुनी तार राहू दे. पेटीनं वीज निर्माण होत नाही. २० अँपिअर गुणिले १४.४ म्हणजे २८८ वॅट बाहेर द्यायचे, थोडी घट धरून आत ३२० वॅट घ्यायचे. दाब कमी मिळाला तर तितकेच वॅट पुरे करायला ती प्रवाह जास्त ओढते. प्रवाह जास्त म्हणून तारेत दाब आणखी पडतो, म्हणून आणखी प्रवाह. कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज काढणाऱ्यासारखं. आमच्या ०.१४ ओहमच्या तारेवर गणित मांडलं तर ३४ अँपिअर आणि पेटीपाशी सव्वानऊ व्होल्ट निघतात. त्या तारेचा फ्यूज ३० चा. पंधरा मिनिटांत गेला, आणि गेला हे बरं झालं. चार गेजची तार घातल्यावर तेच काम २४ अँपिअरमध्ये होतं आणि पेटीपाशी १३.४ व्होल्ट राहतात. तेव्हा पेटी घ्या, पण तार आधी. किंवा जुन्याच तारेवर राहायचं तर दहा अँपिअरची छोटी पेटी घ्या आणि फ्रिज बंद ठेवा.

लिथियमबद्दल दोन शब्द, कारण हल्ली सगळे तेच घेतायत. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी, पूर्ण वापरता येते, जलद भरते. पण तिचा स्वभाव उलटा. शिसे-आम्लाची बॅटरी संकोची पाहुण्यासारखी, आग्रह करावा लागतो. लिथियम वाढाल तेवढं घेते. जाड तारेनं ती थेट अल्टरनेटरला जोडली, तर तो अक्षरशः जळेपर्यंत देत राहतो, विशेषतः गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू असताना, कारण अल्टरनेटर थंड करणारा पंखा त्याच्याच दांड्यावर फिरतो. इंजिन मंद तर वारा मंद. तिथे पेटीचं काम वाढवण्याचं कमी आणि आवरण्याचं जास्त. आणि शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, ती कायमची बिघडते. कोलोराडोत हे लक्षात ठेवावं लागतं. अंतर्गत संरक्षण असलेली बॅटरी थंडीत स्वतःच चार्ज नाकारते, मग लोक म्हणतात पेटी बिघडली.

आम्ही शिसे-आम्लाचीच नवी बॅटरी घेतली, जाड तार, वीसची पेटी. श्रीखंडाचा तंटा सौभाग्यवतींनी सोडवला. फ्रिज आदल्या रात्रीपासून घरच्या विजेवर थंड करायचा, दोन बाटल्या पाण्याचा बर्फ करून आत ठेवायच्या, आणि निघताना फ्रिज बंद. दार उघडलं नाही तर चार तासांत काही होत नाही. इतका सोपा उपाय आम्हा दोन शिकलेल्या पुरुषांना सुचला नव्हता. सप्टेंबरात परत तिथेच गेलो. निघताना १२.२, मुद्दाम तितकीच ठेवली होती, तुलना करायची म्हणून. पोहोचल्यावर गाडी बंद करून तासाभरानं मोजले, १२.६. रात्री यंत्र चाललं, पहाटे उठलो तेव्हा १२.२ च्या जरा खाली.

चिठ्ठ्या आल्यात. एक विचारतात, "छतावर सोलर लावलं तर एवढा खटाटोप कशाला?" लावावंच. १०० वॅटचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तीसेक अँपिअर-अवर देतो, आणि मुक्काम तीन-चार दिवसांचा असेल तर गाडी उभीच असते, तेव्हा तोच उपयोगी. पण पाऊस, झाडाखालची जागा, किंवा रोज सहा तास गाडी चालवत पुढे जाणारा प्रवास, अशा वेळी इंजिन फिरतच असतं, त्यातून घ्यावं. हल्लीच्या काही पेट्यांना दोन्ही तोंडं असतात.

दुसरी चिठ्ठी: "महाराष्ट्रात याचा उपयोग काय?" आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या हळूहळू दिसू लागल्यात. आपल्याकडे ओढण्याच्या ट्रेलरपेक्षा एकसंध गाडी जास्त. तिथे तार लहान, म्हणून हा त्रास कमी. पण हुशार अल्टरनेटर आणि खादाड लिथियम तिथेही आहेतच. भाड्यानं घेणार असाल आणि माझ्यासारखं यंत्र लावून झोपणार असाल, तर मालकाला विचारू नका की बॅटरी चार्ज होते का. तो हो म्हणेल, आणि खोटंही बोलत नसेल. फ्रिज चालू ठेवून इंजिन सुरू करायला सांगा, आणि मागच्या बॅटरीवर मीटर लावून किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते दाखवा म्हणा.

तिसरी चिठ्ठी सौभाग्यवतींच्या अक्षरातली दिसते. त्यात नुसतं लिहिलंय, "साडेआठ वाजले." तेव्हा थांबतो.